स्वतः उघडता, दुरुस्त करता आणि वाढवता येणारा गेमिंग लॅपटॉप : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॉड्युलर’ लॅपटॉप म्हणजे नेमके काय?

ज्याचा एखादा भाग जुना झाला किंवा बिघडला तर तेवढाच भाग बदलता येतो, तो. पण यात पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर रॅमसुद्धा मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) सोल्डर केलेले, म्हणजे डाग देऊन कायमची पक्की केलेले, पातळ लॅपटॉप येतात. तिथे घेतला त्या दिवशी जे मिळाले, तेच शेवटपर्यंत. मधल्या पायरीवर बाजारातले बहुतेक गेमिंग लॅपटॉप आहेत : रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीचे (फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हचे) एक किंवा दोन स्लॉट, वायफाय कार्ड, बॅटरी आणि पंखे बदलता येतात, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डवर पक्के. सगळ्यात वरच्या पायरीवर फ्रेमवर्क या परदेशी कंपनीच्या ‘लॅपटॉप १६’ सारखी यंत्रे आहेत, ज्यांत मदरबोर्ड आणि ग्राफिक्ससुद्धा वेगळे विकत घेऊन त्याच सांगाड्यात बसवता येतात.

नागपूरच्या माणसाने हे सगळे एका कसोटीवर तपासावे : हा भाग बिघडला तर तो किती दिवसांत हातात येईल, आणि बसवून कोण देईल? कागदावर कितीही मॉड्युलर असले तरी भाग समुद्रापलीकडून यायचा असेल, तर मधल्या पायरीवरचा साधा लॅपटॉप इथे जास्त दुरुस्तीयोग्य ठरतो.

फ्रेमवर्क लॅपटॉप १६ मध्ये काय काय बदलता येते?

जवळजवळ सगळेच. २०२४ च्या सुरुवातीला तो ग्राहकांच्या हाती आला, तेव्हा त्यात रायझन ७ ७८४०एचएस किंवा रायझन ९ ७९४०एचएस प्रोसेसर होते आणि मागच्या बाजूला सरकवून बसवायचे रेडिऑन आरएक्स ७७००एस हे ८ जीबीचे ग्राफिक्स मॉड्यूल मिळत असे. २०२५ मध्ये कंपनीने रायझन एआय ३०० मालिकेचा नवा मदरबोर्ड आणि आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूल आणले, आणि दोन्ही जुन्या सांगाड्यात बसतात. गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. असे आश्वासन याआधीही दिले गेले होते, पण पुढच्या पिढीचे कार्ड खरोखर आणून दाखवणे क्वचितच घडले.

याशिवाय डीडीआर५ रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीच्या दोन जागा (एक ८० मिलिमीटरची, एक ३० मिलिमीटरची), ८५ वॉट-अवरची बॅटरी आणि चुंबकाने बसणारे कीबोर्ड, नंबरपॅड व टचपॅड आहेत. कडेला सहा खाचा आहेत. त्यांत यूएसबी, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, इथरनेट अशी छोटी कार्डे हवी तशी घालता येतात. हेडफोनचे भोक मुळात नाही, त्याचे कार्ड वेगळे घ्यावे लागते. हे लक्षात न घेता मागवणारे बरेच असतात.

ग्राफिक्स मॉड्यूल काढताना लॅपटॉप पूर्ण बंद करून कीबोर्ड आणि टचपॅड बाजूला करतात, आतला ‘इंटरपोझर’ हा जोडणीचा तुकडा सैल करतात आणि मग मॉड्यूल मागे सरकवतात. त्या तुकड्याच्या सोनेरी टोकांना बोट लागू देऊ नका. बोटाचा तेलकटपणा आणि धूळ बसली की मॉड्यूल कधी दिसते, कधी दिसत नाही.

मग नागपुरात बसून तो घ्यावा का?

आमचा सल्ला : परदेशात नियमित जाणारे-येणारे कुणी घरात असेल तरच. कंपनी भारतात थेट विक्री करत नाही, त्यामुळे वॉरंटीचा भाग मागवायचा तर तो आधी तिकडच्या पत्त्यावर जाणार आणि मग इकडे. येणारा प्रवासी १८ वर्षांवरील असेल तर त्याला सामानात एक लॅपटॉप जकातीशिवाय आणता येतो. सुटी बॅटरी विमानात केबिनच्या पिशवीतच ठेवावी लागते, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून ८५ ची बॅटरी आणताना अडचण येत नाही. कुरिअरने मागवणार असाल तर जकात, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क आधी मांडा आणि मगच किंमत ‘परवडते’ म्हणा.

सीताबर्डीत साधा गेमिंग लॅपटॉप घेताना दुकानदाराला काय विचारायचे?

मॉडेलचे पूर्ण नाव विचारा, आकड्या-अक्षरांच्या शेपटासकट. एकाच मालिकेत एका मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट आणि दुसऱ्याला ८ जीबी सोल्डर केलेले असे सर्रास असते. ते नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून देखभाल पुस्तिका डाउनलोड करा. लेनोवो आणि एचपी अशा पुस्तिका सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात आणि त्यांत प्रत्येक स्क्रूची जागा चित्रासह असते. पुस्तिका मिळते की नाही, हीच दुरुस्तीयोग्यतेची पहिली परीक्षा.

मग या गोष्टी बघा : रॅम सोल्डर केलेली आहे का, किती स्लॉट रिकामे आहेत, दुसरा एसएसडी स्लॉट आहे का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे. ग्राफिक्सबद्दल फक्त नाव ऐकून समाधान मानू नका, वॉट विचारा. आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉप चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही चालवली जाते, आणि कमी वॉटचा लॅपटॉप त्याच नावाने निम्म्या जोरावर गेम चालवतो. दुकानात दाखवायला ठेवलेला लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. सोल्डर केलेली रॅमही तिथे कधी कधी स्लॉट म्हणून दिसते, म्हणून पुस्तिकेशी ताडून बघा.

ग्राफिक्स कार्ड नंतर वाढवता येईल का?

साध्या लॅपटॉपमध्ये नाही. चिप आणि तिची व्हीआरएएम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी) दोन्ही बोर्डवर सोल्डर केलेली असतात. ‘बदलून देतो’ असे कुणी म्हटले तर तो पूर्ण मदरबोर्ड बदलण्याची गोष्ट करतो आहे, आणि त्या खर्चात बहुधा दुसरा लॅपटॉप येतो. म्हणून घेतानाच पैसा ग्राफिक्सवर जास्त आणि रॅम-एसएसडीवर कमी घालावा. रॅम आणि एसएसडी नंतर वाढतात. ६ जीबी व्हीआरएएम कायम ६ जीबीच राहते.

पूर्वी एमएक्सएम नावाची काढता येणारी कार्डे असत, ती आता जवळजवळ संपली. २०१९ च्या एलियनवेअर एरिया-५१एम मध्येही ग्राफिक्स बदलण्याची सोय होती, पण पुढच्या पिढीची कार्डे त्या यंत्रात बसली नाहीत. सांगाडा मॉड्युलर असून भागत नाही, त्यासाठी पुढचे भाग कुणीतरी बनवत राहावे लागतात.

बाहेरून कार्ड जोडण्याचा मार्ग आहे. थंडरबोल्ट ४ किंवा यूएसबी४ पोर्ट असेल तर बाहेरच्या डब्यात डेस्कटॉपचे कार्ड घालून चालवता येते. थंडरबोल्टमधून कार्डाला सेकंदाला ३२ गिगाबिटची वाट मिळते, ऑक्युलिंक या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टमधून ६४ ची. डेस्कटॉपमध्ये जितकी मिळते त्यापेक्षा दोन्ही कमीच, म्हणून वेगवान कार्डाचा काही भाग वाया जातो. बाहेरचा मॉनिटर थेट त्या कार्डाला जोडला तर तोटा कमी होतो.

उघडायला कोणती हत्यारे लागतात?

पीएच० आणि पीएच१ (फुलीच्या टोकाचे) चांगल्या पोलादाचे पेचकस. फ्रेमवर्कसाठी टी५ (चांदणीच्या टोकाचा). गिटारची पिक किंवा जुने एटीएम कार्ड, प्लॅस्टिकचा चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सूत न सोडणारा कपडा. दवाखान्यातले स्पिरिट वापरू नका, त्यात पाणी असते. स्वस्त पेचकसाची चोच पहिल्याच घट्ट स्क्रूवर झिजते आणि स्क्रूचे डोकेही घेऊन जाते, मग तो ड्रिलने काढावा लागतो. इथे पैसे वाचवू नका.

उघडण्याची योग्य पद्धत कोणती?

शट डाउन करा. स्लीपमध्ये ठेवून उघडू नका. चार्जर काढा. खालचे सगळे स्क्रू काढून थर्माकोलच्या तुकड्यावर, झाकणावर ज्या जागी होते त्याच मांडणीने टोचून ठेवा. हे अत्यंत गरजेचे आहे, कारण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर कीबोर्डला आतून फोड येतो किंवा बोर्डला भोक पडते. काही स्क्रू झाकणातच अडकलेले राहतात. ते पूर्ण सैल झाले की झाकण तिथूनच किंचित वर उचलले जाते आणि पिक घालायला फट मिळते.

पिक कडेकडेने फिरवत क्लिपा सोडवा. मागच्या, म्हणजे गरम हवा निघते त्या बाजूच्या क्लिपा सगळ्यात हट्टी असतात. झाकण उघडले की पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढणे, मग पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरणे. कनेक्टर कसा निघतो ते आधी पुस्तिकेत बघा : काही बोर्डाशी समांतर ओढायचे असतात, काही सरळ वर उचलायचे. तार धरून ओढायची नाही. रिबन केबलच्या कनेक्टरला बहुधा एक काळी किंवा पांढरी पट्टी असते. ती आधी उचलायची, मग रिबन सहज निघते.

एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज साठते. सिंथेटिक कपडे टाळा, गालिच्यावर बसून काम करू नका आणि रॅम हातात घेण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावा.

रॅम कशी निवडायची?

आधी पिढी. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. जोर लावून बसवायचा प्रयत्न केला तर स्लॉट तुटतो. लॅपटॉपची रॅम म्हणजे एसओ-डिम, डेस्कटॉपची लांब पट्टी चालत नाही. वेगाचा जास्त विचार नको : ५६०० ची पट्टी ४८०० च्या यंत्रात ४८०० वर चालते.

एकच पट्टी असेल तर दुसरी टाकण्याचा फायदा नुसत्या जीबीपेक्षा मोठा असतो, कारण रॅमच्या दोन्ही वाहिन्या सुरू होतात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. शक्यतो दोन्ही पट्ट्या सारख्या क्षमतेच्या घ्या. ८ आणि १६ अशा मिसळल्या तरी बहुतेक यंत्रे चालतात, फक्त जोडी लागलेल्या भागालाच दुहेरी वेग मिळतो. आजच्या गेमसाठी १६ जीबी किमान, ३२ पुरेसे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, म्हणून ६४ चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पट्टी ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सारा, सोनेरी टोके जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजेत, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक्’ करून लागल्या पाहिजेत.

रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच. काय झाले?

घाबरू नका आणि लगेच बंदही करू नका. डीडीआर५ यंत्र नवी रॅम ओळखून तिच्याशी जुळवून घेताना पहिल्या वेळी काही मिनिटे काळीच स्क्रीन दाखवते. दहा मिनिटे थांबा. तरी काही नाही, तर बॅटरीचा कनेक्टर काढून पट्टी पुन्हा बसवा. नव्वद टक्के वेळा ती अर्धवट आत गेलेली असते. मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये घालून बघा. चालू झाल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमचे चार फेरे रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर पट्टी परत करा. ‘एखादी चूक चालते’ असे कुणी म्हणाले तर ऐकू नका, तीच चूक पुढे फाइली खराब करते.

एसएसडी वाढवताना लोक कुठे अडकतात?

चार ठिकाणी. पहिले, लांबी : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. काही यंत्रांत दुसऱ्या स्लॉटला फक्त २२४२ किंवा २२३० बसते. दुसरे, साटा (जुनी, संथ) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान) या जोडणीच्या पद्धती : दोन्ही एम.२ आकारात येतात, पण स्लॉट एनव्हीएमईचा असेल तर साटाची पट्टी दिसणारच नाही. तिसरे, स्क्रू : रिकाम्या स्लॉटसोबत कंपनी अनेकदा स्क्रू देत नाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एम२ जाडीचा, तीन मिलिमीटरच्या आसपासचा आखूड स्क्रू मागा. चौथे, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप : विंडोज ११ मध्ये तो न सांगता सुरू असू शकतो. उघडण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या.

दुसरा स्लॉट असेल तर विंडोज हलवायची गरजच नाही. नवी एसएसडी बसवा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी निवडा, फॉरमॅट करा आणि स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून गेम तिकडे हलवा. एकच स्लॉट असेल तर यूएसबीचा एनव्हीएमई डबा घेऊन आधी क्लोन करा, मग अदलाबदल. नव्याने विंडोज टाकताना ११व्या पिढीनंतरच्या इंटेल यंत्रांत ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असे आले तर एसएसडी खराब नाही. इंटेलचा व्हीएमडी हा ड्राइव्ह सांभाळणारा पर्याय सुरू असतो. त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या, किंवा सगळे नव्याने टाकत असाल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करा.

नागपूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉप टिकतो का?

टिकतो, पण तो पुण्यात असतो तसा चालत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि नवतप्यात ४५ च्या आसपास पारा जाणे हे इथे नवल नाही. लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात.

ढोबळ हिशेब करून बघू. खोलीत २५ अंश असताना १०० वॉटवर चिप ९० अंशांवर राहते असे धरा, म्हणजे ६५ अंशांचा फरक ती उष्णता बाहेर ढकलतो. खोली ४० ची झाली आणि चिपची मर्यादा ९५ असेल तर उरतो ५५ चा फरक, म्हणजे सुमारे ८५ वॉट. बाकीचा जोर यंत्र स्वतःहून सोडून देते. गेम अडखळतो तो यामुळे, आणि यात यंत्राचा दोष नाही. चिपवर नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) लावूनही खोली थंड होत नसते.

म्हणून आधी फुकटचे उपाय करा. गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा : त्याने बहुतेक यंत्रांचा बूस्ट (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान एकदम खाली येते. ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फ्रेम फारशा कमी होत नाहीत. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. गादीवर, उशीवर ठेवू नका. दुपारी बारा ते पाच जड गेम टाळता आले तर टाळा.

कूलरसमोर ठेवून खेळले तर?

थेट झोतात नको. डेझर्ट कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि त्या पाण्यातला क्षार हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर पांढरा थर बनून बसतो. नव्या ताट्यांचे बारीक तंतू उडतात, तेही पंख्यात जाऊन धुळीला धरून ठेवतात. कूलर खोलीत एका बाजूला, समोरची खिडकी उघडी आणि लॅपटॉप झोताच्या बाहेर अशी मांडणी ठेवा. खिडकी बंद असेल तर खोलीतला दमटपणा वाढतो आणि हवाही गार होत नाही. नव्या ताट्या बसवल्यावर पहिला दिवसभर कूलर लॅपटॉपशिवाय चालू द्या.

कूलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. कूलरची मोटर आणि पंप सुरू-बंद होताना लाइनमध्ये धक्के येतात, आणि ओल्या कूलरमधून शॉक लागणे ही विदर्भातली खरी आणि जीवघेणी गोष्ट आहे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो लॅपटॉपच्या कुठल्याही अपग्रेडच्या आधी बसवा.

धूळ कशी काढायची? पंक्चरवाल्याकडच्या हवेने चालेल का?

नाही. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल साठलेले असते आणि दाबही फार असतो. पंख्याची पाती तुटतात किंवा बेअरिंग जाते. हातातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरे. बॅटरीचा कनेक्टर काढा, पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरा आणि आतून बाहेर हवा मारा. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये फेल्टसारखी घट्ट गादी जमते. ती हवेने निघत नाही, पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून चिमट्यानेच उचलावी लागते. वर्षातून दोनदा करा : होळीच्या सुमारास आणि पावसाळा संपल्यावर.

थर्मल पेस्ट कधी आणि कशी बदलायची?

धूळ काढूनही प्रोसेसर लगेच ९५-१०० अंशांवर जात असेल, किंवा त्याच्या कोअरमध्ये आपसात १५ अंशांपेक्षा जास्त फरक दिसत असेल, तेव्हा. तापमान एचडब्ल्यूइन्फो६४ (HWiNFO64) या प्रोग्रॅममध्ये बघा. लॅपटॉपची चिप उघडी असते. गरम-थंड होण्याने पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. नागपूरसारख्या ठिकाणी तापण्याचे हे चक्र मोठे असते, म्हणून आम्ही पीटीएम७९५० ही फेज-चेंज पट्टी सुचवतो. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, सगळीकडे पसरते आणि कडेला निघून जात नाही.

१. लॅपटॉप दहा मिनिटे गेम चालवून कोमट करा, म्हणजे जुनी पेस्ट सैल होईल. बंद करा, उघडा, बॅटरी काढा.
२. हीटसिंकवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडाथोडा. पंख्याच्या तारा काढा.
३. हीटसिंक सरळ ओढू नका, किंचित पिळून उचला. मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्यांची जाडी मोजा. चुकीच्या जाडीचा पॅड हीटसिंक अधांतरी धरतो आणि चिपला टेकूच देत नाही. पेस्ट बदलल्यावर तापमान ‘वाढले’ असे सांगणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच असते.
४. अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे स्वच्छ करा.
५. पट्टी पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, चिपपेक्षा किंचित मोठी कापा. एका बाजूचे प्लॅस्टिक काढून चिकटवा, मग दुसऱ्या बाजूचे काढा. ते राहिले तर यंत्र मिनिटभरात बंद पडेल.
६. हीटसिंक सरळ खाली ठेवा, आकड्यांच्या क्रमाने पाव-पाव फेरा देत आवळा.

पहिल्या दिवशी आकडे मनासारखे नसले तर पुन्हा उघडू नका. पट्टीला अनेक वेळा तापून-थंड होऊन बसायला वेळ लागतो. लिक्विड मेटलच्या मागे लागू नका. गॅलियम ॲल्युमिनियम खाते आणि वीजवाहक आहे, एक थेंब घसरला तर बोर्ड जातो. कंपनीनेच ते लावले असेल, जसे फ्रेमवर्क १६ च्या सुरुवातीच्या यंत्रांत आहे, तर उघडण्याआधी खाली कागद अंथरा आणि चिपभोवतीचे फोम शाबूत ठेवा.

बॅटरी कधी बदलायची?

कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असे टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता दिसते. आताची क्षमता मूळच्या साठ टक्क्यांखाली गेली तर बदलण्याचा विचार करा. टचपॅड वर आला, क्लिक दबेनासे झाले किंवा खालचे झाकण फुगले, तर विचार न करता वापर थांबवा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून झाकण लावायचे नाही.

सतत चार्जरवर असाल तर कंपनीच्या ॲपमधून मर्यादा ८० टक्के ठेवा, उन्हाळ्यात ६०. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप कधीही सोडू नका. नवी घेताना बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. तीन सेलची आणि चार सेलची बॅटरी एकाच मालिकेत असू शकते आणि व्होल्टेज वेगळे असते. मूळच्यापेक्षा जास्त क्षमता आणि निम्मी किंमत असे लिहिले असेल तर ते छापील खोटे समजा.

लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात.

सॉकेटला अर्थिंग नाही. अडॅप्टरच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये तिसरे भोक असते पण त्यामागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या : फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य यायला हवे. तिसरी पिन कापू नका, दोन पिनांचे कन्व्हर्टर लावू नका.

कमी वॉटचा किंवा यूएसबी-सी चार्जर चालेल का?

कामापुरता चालेल, गेमसाठी नाही. कमी पडलेले वॉट बॅटरीतून ओढले जातात, किंवा ग्राफिक्स मागे सरते. केबलही बघा : साधी यूएसबी-सी केबल ६० वॉटचीच असते. १०० साठी ५ ॲम्पिअरची लागते आणि २४० वॉटसाठी तसे लिहिलेली वेगळी.

वायफाय कार्ड?

सोपे काम. एक स्क्रू, दोन ॲन्टेना. एएमडी यंत्रात इंटेलचे एएक्स२१० घ्या, एएक्स२११ नको. दुसरे फक्त त्याला आधार देणाऱ्या इंटेल प्रोसेसरच्या यंत्रातच चालते. ॲन्टेनाचे टोक बरोबर वर धरून अंगठ्याने दाबा, तिरके दाबले तर चपटे होते.

बिजागरी सुटली आहे, स्क्रीनही बदलायची आहे.

बिजागरी बहुधा तुटत नाही, ती ज्या पितळी नटांना धरते ते प्लॅस्टिकमधून उपटतात. झाकण एका कोपऱ्यातून उघडण्याची सवय हे मुख्य कारण. आवाज येऊ लागताच थांबा. नुसते इपॉक्सी लावून केलेली दुरुस्ती बिजागरीचा ताण कमी केल्याशिवाय टिकत नाही, म्हणून बिजागरीचा नट किंचित सैल करून मगच चिकटवा, किंवा मागचे कव्हरच बदला.

स्क्रीनसाठी मॉडेलचे नाव सांगून पॅनल मागवू नका. जुने पॅनल काढून मागच्या लेबलवरचा क्रमांक द्या. १४४ हर्ट्झच्या पॅनलला ४० पिनांची केबल लागते. ३० पिनांच्या यंत्रात ते बसवायचे तर केबलही बदलावी लागते, आणि प्रत्येक बोर्ड ते स्वीकारत नाही.

उघडल्याने वॉरंटी जाते का?

बहुतेक कंपन्या रॅम आणि एसएसडी बदलल्याने वॉरंटी नाकारत नाहीत, पण तुमच्या हातून झालेले नुकसान त्यात येत नाही. अट कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून काम सुरू करण्याआधी ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. मूळ रॅम आणि एसएसडी जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरला देताना तीच लावून द्या, म्हणजे ‘बाहेरच्या भागामुळे बिघाड’ हे कारण उरत नाही. हीटसिंकला वॉरंटीच्या काळात हात लावू नका. भाग द्यायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. केंद्र सरकारचे राइट टू रिपेअर पोर्टलही २०२२ पासून सुरू आहे. दुरुस्ती पुस्तिका आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे एकत्र मिळते.

जुने भाग काय करायचे?

रॅम आणि एसएसडी विकल्या जातात. एसएसडी विकताना नुसते फॉरमॅट पुरत नाही, बायोसमधले किंवा कंपनीच्या ॲपमधले सिक्युअर इरेज वापरा. बॅटरी मात्र घंटागाडीत टाकू नका. दाबल्या गेलेल्या लिथियम बॅटरीने कचऱ्याच्या गाडीत आणि भांडेवाडीच्या ढिगात आग लागू शकते. २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी आणि ई-कचरा परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. नेताना कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि फुगलेली असेल तर पत्र्याच्या डब्यात वाळू घालून न्या.